चौथा मजला, लिफ्ट नाही

‘नारायण पेठ ते वारजे. चौथा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या. लोखंडी कपाट १, फ्रीज डबल डोअर, वॉशिंग मशीन फ्रंट लोड, पुस्तकं बरीच. माणसं तीन. साडेआठ हजार.’

लाल बांधणीच्या वहीत आबांनी ही नोंद फोनवर बोलता बोलता केली होती. रविवारी सकाळी त्यांची लेक गाळ्यावर आली, वही चाळताना या ओळींशी थांबली आणि ‘माणसं तीन’ या शब्दांखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली. वादाला तिथून तोंड फुटलं.

आबा एकसष्ट वर्षांचे. धनकवडीत त्यांचा घरसामान हलवण्याचा छोटा धंदा आहे. दोन टेम्पो, सात माणसं, एक गाळा. गाळ्यात बबल रॅपची भेंडोळी, चपट्या खोक्यांची थप्पी, कोपऱ्यात दोरखंड आणि गोणपाटं. धंदा सुरू करण्याआधी पंधरा वर्षं त्यांनी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाली केली. लेक औद्योगिक सुरक्षेची पदविका घेऊन चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काम करते. गाळ्यावरची पोरं तिला ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच. दोघंही या लेखासाठी घडवलेली माणसं आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे कायदे, संस्था आणि मोजमापं मात्र खरी आहेत, आणि भांडणही खरं आहे. पॅकर्स अँड मूव्हर्सच्या कुठल्याही लहान गाळ्यावर, मालकाच्या मनातल्या मनात का होईना, ते चालू असतं.

त्या आठवड्यात त्याला निमित्त मिळालं होतं. सात जणांतला सर्वांत तरुण, चोवीस वर्षांचा गडी, बुधवारी कोथरूडमध्ये वॉशिंग मशीन जिन्यावरून उतरवताना मध्येच थांबला. कमरेत उसण भरली होती. मशीन त्यानं सोडलं नाही. दात आवळून वळणावर टेकवलं आणि मग भिंत धरून खाली बसला. आबांनी औषधाला हजार रुपये दिले आणि चार-पाच दिवस घरी पडून राहा म्हणून सांगितलं. त्या दिवसांची हजेरी मिळणार नव्हती.

“तीन माणसांत हे काम कसं होणार, आबा?”

“होतं. आजवर झालंय. चौथा गडी घातला की दर हजारानं चढतो. समोरचा माणूस ‘कळवतो’ म्हणतो आणि दुसऱ्याला फोन लावतो.”

“फ्रंट लोड मशीन सत्तर किलोच्या आसपास जातं. कपडे पिळताना हादरू नये म्हणून त्याच्या पोटात काँक्रीटचा ठोकळा बसवलेला असतो. दोघांनी उचललं तरी एकेकाला पस्तीस. आणि जिन्यावर सारखी वाटणी होतच नाही. खालच्या पायरीवरच्या माणसाकडे भार जास्त जातो. बुधवारी खालच्या बाजूला कोण होता?”

आबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी आपला जुना दाखला काढला. “मी शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढलोय. दिवसाला कितीदा, त्याची मोजदाद नाही. तेव्हा कुठला सुरक्षा अधिकारी होता?”

“आणि आज तुम्हाला मांडी घालून जेवायला बसता येत नाही.”

हे लेकीनंच म्हणावं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आबांनी गाळ्याबाहेर काढलं असतं.

शंभर किलोच्या पोत्याची आठवण या वादात नेमकी जागा धरून आहे. पुण्याच्या बाजारात हमालाच्या पाठीवर क्विंटलचं पोतं असणं हा एके काळी धंद्याचा साधा नियम होता. नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर बाबा आढावांकडे हे हमाल पाठ, मान, गुडघे घेऊन येत. औषधानं भागणारं हे दुखणं नव्हे, हे ओळखून त्यांनी हमालांची संघटना बांधली. ती हमाल पंचायत. पोतं पन्नास किलोवर आणा, ही मागणी त्या चळवळीनं लावून धरली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये प्रौढ पुरुषानं हातानं वाहून न्यायच्या वजनाची वरची पायरी म्हणून ५५ किलो हा आकडा सुचवला होता. आज धान्याचं आणि साखरेचं सरकारी पोतं पन्नास किलोचं असतं, याचं नव्या पिढीला काही वाटत नाही. एका पिढीच्या मणक्यांनी त्याची किंमत मोजली आहे. बाबा आढाव २०२५ च्या डिसेंबरमध्ये गेले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला आलेल्यांत पोतं उचलणारे हात असणं स्वाभाविकच होतं.

“बाबांना मी जवळून पाहिलंय,” आबा म्हणाले. “मला शिकवू नकोस.”

“शिकवत नाही. विचारते. पोतं पन्नासचं झालं ते हमालांनी अंगमेहनत वाढवल्यामुळे झालं का? पोतंच लहान केलं म्हणून झालं. आपल्याकडे वॉशिंग मशीन लहान करता येत नाही, पण माणसं वाढवता येतात.”

मार्केट यार्डात आबांकडे आणखी एक गोष्ट होती, तिचा विषय ताईनं काढला आणि आबा बराच वेळ टेपचं बंडल हातात फिरवत बसले. १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची जी संघटना उभी केली, तिच्या लढ्याचं ते फळ. ज्याला एक ठरलेला मालक नाही, आज या दुकानाचा माल तर उद्या त्या दुकानाचा, अशा माणसाला कायद्यात बसवायचं कसं, हा पेच त्या कायद्यानं सोडवला. मध्ये मंडळ आणलं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार मिळायचे. देशात तेव्हा असा विचार करणारं राज्य दुसरं नव्हतं. आबांनी गाळा घेतला तो यार्डातून बाहेर पडताना मिळालेल्या पैशांतूनच.

“तुमचं नाव मंडळाच्या वहीत होतं,” ताई म्हणाली. “या सातांचं कुठे आहे?”

“ती सातही माणसं माझ्या घरची आहेत. कुणाच्या पोरीचं लग्न असलं, तर उचल मीच देतो.”

“देता. मी कुठे नाही म्हणते? पण ती उचल फेडेपर्यंत तो गडी दुखतंय म्हणून घरी बसू शकत नाही, हेही तितकंच खरं आहे ना?”

आबा काही वेळानं बोलले ते निराळ्याच बाजूनं. “बरं, तू सांग. माणसानं किती उचलावं? तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?”

ताईनं वहीच्या मागच्या पानावर तीन आकडे लिहिले. २३, २४, २५.

अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संशोधन संस्थेचं, नायोशचं, उचलण्याचं गणित १९९१ पासून २३ किलोवर उभं आहे. आणि ते सगळं जुळून आलं तर. वजन अंगाला चिकटून, कमरेच्या उंचीवर, पकड चांगली, पिळा नाही, दिवसभराची घाई नाही. ब्रिटनची आरोग्य व सुरक्षा संस्था पुरुषासाठी २५ किलोची सर्वसाधारण मर्यादा सांगते, तीही कमरेजवळच्या उंचीला आणि अंगाशी धरलेल्या वजनाला. तेच वजन जमिनीलगत असेल तर दहा, आणि हात लांब करून उचलायचं असेल तर पाच. जपानच्या मार्गदर्शक सूचना माणसाच्या स्वतःच्या वजनाशी हिशेब जोडतात. पुरुषानं आपल्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त हातानं उचलू नये. आपला गडी साठ किलोचा धरला तर चोवीस.

“तीन देश, तीन पद्धती,” ताई म्हणाली, “आणि येऊन थांबले एकाच ठिकाणी.”

“आणि कपाट?” आबांनी विचारलं. “लोखंडी कपाट रिकामं असलं तरी सत्तर-ऐंशी किलो. तुझ्या हिशेबानं चार माणसं लागतील. जुन्या वाड्याच्या जिन्यात चार माणसं मावतील का? दोघांचे खांदे घासतात तिथे.”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चाकणच्या कारखान्यात जमीन सपाट असते, क्रेन असते, वजन ठरावीक असतं. घर हलवणाऱ्याला रोज नवा कारखाना मिळतो. आज सागवानी जिना, उद्या गोल वळणाचा लोखंडी, परवा सोसायटीची लिफ्ट सामानाला बंद. इंग्रजी पुस्तकातली मर्यादा जशीच्या तशी पेठेतल्या जिन्यात उतरत नाही. ज्यानं ते कपाट नेलंय तोच ते कसं न्यायचं हे जाणतो.

आबांनी ते जाणणं उलगडून सांगितलं. कपाट आधी रिकामं. दारं बिजागरीतून काढून वेगळी. मग दोर खालून घेऊन एकाच्या पाठीवर, पाठीला आणि खांद्याला गोणपाट, मागून एकानं नुसता तोल धरायचा, पुढून एकानं पायऱ्या मोजून सांगायच्या. “वजन अंगाला चिकटलेलं असलं की माणूस दमत नाही, लांब धरलं की मरतो. हे मला कुणी पदविकेत शिकवलं नाही.”

ताईनं मान्य केलं, आणि मनापासून केलं. नायोशच्या गणितातही नेमकं हेच आहे. वजन घोट्यांपासून पंचवीस सेंटिमीटरवर असेल तर पूर्ण तेवीस किलो धरतात. तेच पन्नास सेंटिमीटरवर गेलं की मर्यादा निम्म्यावर, साडेअकरावर येते. कंबर पंचेचाळीस अंश पिळली की आणखी चौदा टक्के वजा. मणक्याच्या तळाशी, शेवटच्या गादीवर पडणारा दाब हे या सगळ्याचं मूळ. हमालानं पाठीवर घेण्याची रीत हजार वर्षांत याच नियमानं घडत आली असणार. चुंबळ घेऊन डोक्यावर ओझं नेणाऱ्या बाईलाही तो नियम ठाऊक असतो.

“पण तुमच्या रीतीत एक भोक आहे,” ती म्हणाली. “दोर पाठीवर बांधलेला गडी घसरला तर त्याला ओझं टाकून बाजूला होता येत नाही. ओझं त्याच्यासकट जातं. त्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत. सपाट फरशीवर तुमची रीत पहिली. जिन्यावर नाही.”

“मग?”

“कपाट जिन्यावरून अडीच माणसांच्या भरवशावर न्यायचं नाही. दोन पट्ट्यांनी चौघांत विभागायचं, जिना अरुंद असेल तर दारं, कप्पे, तिजोरीचा खण सगळं सुटं करून जितकं हलकं होईल तितकं करायचं, आणि तेवढ्यानंही होत नसेल तर तसं ग्राहकाला आधी सांगायचं. पाहणीच्या दिवशी. हलवायच्या दिवशी नाही.”

आबांना वाटलं आता शिबिराचा विषय निघणार. मागच्या वर्षी ताईनं गाळ्यावर एक दिवस पोरांना गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून कसं उचलायचं ते दाखवलं होतं. पोरांनी कौतुकानं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी होतं तसंच सुरू झालं. आबांनी तेच बोलून दाखवलं.

“तुमचं बरोबर होतं,” ताई म्हणाली.

आबा चकित झाले. ताईनं मग सांगितलं ते तिच्या क्षेत्रातल्या पुष्कळांना रुचत नाही. ओझं कसं उचलावं याचा सल्ला आणि प्रशिक्षण कामगारांची पाठदुखी टाळतं का, याचे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन संस्थेनं २०११ मध्ये आढावा घेतला. टाळतं असा पुरावा मिळाला नाही. कमरेच्या पट्ट्याचंही तेच. दुकानात मिळणारा तो काळा रुंद पट्टा पोरं हौसेनं लावतात आणि त्यानं कंबर वाचते असं मानतात. नायोशनं १९९४ मध्येच सांगितलं की निरोगी कामगाराला पट्ट्यानं दुखापत टळते असं दाखवणारा पुरावा नाही. उलट पट्टा लावला की जास्त उचलता येईल असा भ्रम होण्याची भीती आहे.

“म्हणजे तुझं सगळं मुसळ केरात?”

“माझं शिबिर केरात. सत्तर किलो तसंच ठेवून माणसाला वाकायला शिकवणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीला बाहेरून रंग लावणं झालं. ओझं कमी करा, अंतर कमी करा, मजले कमी करा, घाई कमी करा. मग वाकणं आपोआप सुधारतं.”

घाई हा शब्द आला आणि आबांनी पंचांग काढलं. शब्दशः काढलं. गाळ्यात गणपतीच्या फोटोखाली ते टांगलेलं असतं आणि धंद्याची निम्मी आखणी त्यावर होते. पितृपक्षात घर कोणी हलवत नाही, पंधरा दिवस टेम्पो उभे. मग दसरा येतो आणि एकाच दिवशी सगळ्या पुण्याला नव्या घरात दूध उतू घालायचं असतं. अक्षय्य तृतीयेला तेच, गुढीपाडव्याला तेच. त्यातून भाड्याच्या घरांचे करार अकरा महिन्यांचे, त्यामुळे महिन्याची तीस आणि एक तारीख गर्दीची. शाळांना सुट्टी लागली की एप्रिल-मे, म्हणजे पुण्यातही पारा चाळिशीला टेकतो तेव्हाच, बदल्यांची घरं. “ग्राहकाला सकाळी अकरा बावीसचा मुहूर्त असतो. त्याआधी देव, गॅस आणि पाण्याचा कलश तरी तिथे पोचलाच पाहिजे. मी त्याला घाई करू नका म्हणून सांगू?”

त्या दिवशी तीच टोळी सकाळी एक घर, दुपारी दुसरं आणि रात्री तिसरं हलवते. तिसऱ्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर जे होतं, त्याला अपघात म्हणणं चुकीचं आहे. ते सकाळीच ठरलेलं असतं.

ताईकडे यावर तोडगा असा नव्हता. ती एवढंच म्हणाली की देव, गॅस आणि कलश आदल्या दिवशी संध्याकाळी नेता येतात, त्यांना टेम्पो लागत नाही, मुहूर्त साधतो आणि कपाट दुपारी सावकाश जातं. ग्राहकाला हे कुणी सुचवतच नाही. आबांनी हे मात्र पेन घेऊन लिहून ठेवलं.

मग पैसे आले, आणि पैशांवर भांडण खरं तापलं.

आबांचं म्हणणं असं. हल्ली ग्राहक इंटरनेटवर नाव नोंदवतो आणि त्याचा नंबर एकाच मिनिटात पाच-सहा जणांना जातो. सगळे फोनवरच दर सांगतात. घर कुणी पाहिलेलं नसतं. जो सर्वांत कमी सांगेल त्याला काम. त्या सहांत एखादा असा असतो की तो नाक्यावरून दोन बिगारी उचलून आणतो, त्यांना संध्याकाळी पाचशे-सहाशे देतो आणि परत तोंड पाहत नाही. “त्याच्याशी मला स्पर्धा आहे. मी चार माणसं लावीन, पट्टे आणीन, बूट आणीन. आणि गाळ्याला कुलूप लागलं की या सातांनी त्याच नाक्यावर उभं राहायचं. ते सुरक्षित का?”

हे खोटं नाही. लहान धंद्याला सुरक्षेचा उपदेश करणारे बहुतेक लोक पगारदार असतात, हे आबांचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं.

“तुम्ही पोरांचा विमा काढलाय ना?” ताईनं विचारलं.

“काढलाय. सातही जणांचा. बँकेतून वीस रुपये वर्षाला कापले जातात.”

ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर एक लाख. वीस रुपयांत एवढं मिळतं ही मोठी गोष्ट आहे आणि प्रत्येकानं ती घ्यावी. पण मणक्याची गादी सरकली, सहा महिने काम नाही, यात ती एक रुपया देत नाही. घर हलवणाऱ्या माणसाला होणारं नेहमीचं नुकसान नेमकं हेच असतं. कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआयचा) आधार दहा आणि त्याहून जास्त माणसं असली की सक्तीनं लागू होतो. आबांकडे सात.

“मग कायद्यानं मी सुटलो,” आबा म्हणाले.

“नाही सुटलात.”

१९२३ च्या भरपाई कायद्याला माणसांची संख्या लागत नव्हती. एक गडी असला तरी तो लागू होत असे. कोणाला भरपाई मिळते याची त्याच्या मागे यादी जोडलेली होती. तीत यंत्रानं चालणाऱ्या गाडीत माल चढवणारा-उतरवणारा माणूस स्पष्ट शब्दांत आलेला होता. कामावर इजा झाली तर उपचाराचा खर्च मालकाकडे. तीन दिवसांहून जास्त पडून राहावं लागलं तर साधारण अर्धा पगार मालकाकडे. आणि मृत्यू आला तर चूक कोणाची हा प्रश्नच उरत नसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. भरपाईची जबाबदारी मालकाची, हे मूळ तत्त्व तिथेही कायम आहे.

ताईनं मृत्यूच्या भरपाईची आकडेमोड वहीतच केली. जुन्या कायद्याच्या रीतीनं. २०२० पासून हिशेबाला धरायचा पगार महिना १५,००० पर्यंत. त्याचा निम्मा, ७,५००. गड्याचं वय तीस असेल तर गुणक २०७.९८. गुणाकार करून तिनं खाली रेघ मारली: १५,५९,८५०.

“हा तुमचा चौथा गडी,” ती म्हणाली. “हजार रुपये वाचवले म्हणता ना, ते इथून वाचवले.”

आबांनी चष्मा काढला. “रोज थोडंच कोणी मरतं? गाळ्याचं भाडं मात्र दर महिन्याला असतं.” आवाज चढवून बोलले, पण बोलून झाल्यावर त्यांनी तो आकडा पुन्हा वाचला. ताईनं मग अशा जबाबदारीसाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांची वेगळी पॉलिसी असते, धंद्यात तिला अजूनही वर्कमेन कॉम्पेन्सेशन म्हणतात, हे सांगितलं. सात माणसांची पॉलिसी काढता येते. आबांनी दोन्ही टेम्पोंचा आणि ग्राहकाच्या सामानाचा विमा उतरवला होता. टीव्ही फुटला तर भरपाई होती. टीव्ही उचलणाऱ्याची नव्हती.

बाकीच्या गोष्टींवर फार वाद झाला नाही. टेम्पोच्या मागे सामानात बसून कुणी जायचं नाही, ब्रेक लागला की कपाट त्याच्या अंगावर येतं. दोघं पुढे, बाकीचे बसनं किंवा दुचाकीवर. एसीचा बाहेरचा भाग सहाव्या मजल्याच्या छज्ज्यावर उभं राहून काढणं आबांनी स्वतःच बंद केलं होतं. त्यासाठी अंगभर पट्ट्यांचा हार्नेस आणि तो अडकवायला पक्की जागा लागते. ते काम एसीवाल्याचं. इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असली की पन्नास-साठ किलो, वर आत सल्फ्युरिक आम्ल. ती आडवी करायची नाही, खांद्यावर तर नाहीच. पुस्तकं लहान खोक्यात, उशा मोठ्या खोक्यात, आणि पुस्तकांचं खोकं वीस किलोच्या वर गेलं की ते बांधणाऱ्यालाच परत सोडायला लावायचं. चपला घालून कामावर यायचं नाही. ट्रकाचा फाळका छातीला लागत असेल तर फळी लावल्याशिवाय चढवायला घ्यायचं नाही. यातल्या निम्म्या गोष्टी आबांनी सांगितल्या, निम्म्या ताईनं, आणि कोणती कोणाची हे नंतर दोघांनाही आठवलं नसतं.

एकाच मुद्द्यावर ताई हटली नाही. दुखतंय म्हणून सांगणाऱ्याची त्या दिवसाची हजेरी कापायची नाही.

“मग उद्या सगळ्यांनाच दुखेल,” आबा म्हणाले.

“आज कुणालाच दुखत नाही, आबा. तुम्हाला हे खरं वाटतं? त्या चोवीस वर्षांच्या पोराच्या खिशात बुधवारी गोळ्यांची पट्टी होती. दुखणं दाबायची. सकाळी एक घेऊन तो कामाला येत होता. किती दिवस, विचारलंत? त्याची कंबर वॉशिंग मशीननं धरली नाही. ती कधीच धरली होती. हजेरी बुडेल म्हणून तो बोलला नाही, आणि गोळीनं त्याला कळू दिलं नाही.”

लहान गाळ्यावरच्या सुरक्षेतली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे. कारखान्यात अपघाताची नोंदवही असते. इथे दुखणं सांगितलं की मजुरी जाते, म्हणून ते सांगितलं जात नाही. सांगितलं जात नाही म्हणून मालकाला खरंच वाटतं की आपल्याकडे कुणाला काही होत नाही. आबा लबाड नाहीत. त्यांनी हमाल असताना हेच केलं होतं, दुखणं लपवण्याला ते मर्दपणा समजत आले, आणि आता मालक झाल्यावर त्यांच्या माणसांनी लपवलेलं त्यांना दिसत नव्हतं.

आबा उठले, पाण्याची बाटली घेतली आणि म्हणाले, “चल.”

“कुठे?”

“नारायण पेठेत. घर बघून येऊ.”

फोनवर दर सांगून झालेल्या कामाची पाहणी आबांनी पूर्वी कधी केली नव्हती. वाड्याच्या जागी चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेली इमारत होती ती. जिना दगडी, कडा झिजलेल्या, कठडा अर्ध्या उंचीचा. आबा पायऱ्या मोजत चढले, बोटांवर नव्हे, ओठांवर. एकोणसत्तर. तिसऱ्या वळणावर थांबून त्यांनी वितीनं रुंदी मोजली, पुन्हा मोजली, आणि ताईकडच्या टेपनं पडताळून पाहिली. वीत आणि टेप जुळले. वर जाऊन त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. खालचे दोन कप्पे जुन्या वह्यांनी आणि पितळी भांड्यांनी ठासून भरलेले होते.

“हे आदल्या दिवशी रिकामं करावं लागेल,” आबांनी घरमालकिणीला सांगितलं. “दारं आम्ही काढू. वळणावर हे अखंड फिरणार नाही. आणि माणसं चार लागतील, वहिनी. दर साडेनऊ होईल.”

“पण तुम्ही तर साडेआठ म्हणाला होतात.”

“तेव्हा जिना पाहिला नव्हता.”

त्या म्हणाल्या, ह्यांना विचारून कळवते. दुसऱ्या एकानं साडेसात सांगितलंय, असंही म्हणाल्या. आबांनी मान डोलावली, कठड्याला धरून एकेक पायरी बाजूला वळून उतरले, आणि टेम्पोत बसल्यावर वही काढून आधीच्या ओळीतला ‘तीन’ खोडला. त्यावर ‘चार’ लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली: ‘पायऱ्या ६९. तिसऱ्या वळणावर कपाटाची दारं काढणे.’ मग फोन लावला तो त्या चोवीस वर्षांच्या पोराला. दुखणं कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. आबा थांबून राहिले.

नारायण पेठेतून सोमवारी रात्रीपर्यंत काही निरोप आला नव्हता.